इथला भाव, तिकडचा भाव

घरात सून आली ती व्हिडिओ गेम बनवणारी. म्हणजे नेमकं काय करणारी, हे सासूबाईंना कधी कोणाला धड सांगता आलं नाही. "आमची थोरली कॉम्प्युटरवर असते," एवढं बोलून त्या विषय बदलायच्या. पण 'उतारू' नावाचा तिचा गेम बाजारात आला, परदेशातल्या एका मासिकाने त्याच्यावर पानभर कौतुक छापलं, आणि जिन्यात भेटणाऱ्या बायकांनी तिचं नावच पाडलं, गेमवाली. तिला ते आवडायचं. वरवर ती नाक मुरडायची, पण आवडायचं.

'उतारू'मध्ये खेळणारा नावाडी असतो. नदीला पूर आलेला, होडी गळकी, काठावर माणसांची रीघ. प्रत्येक जण आपली निकड सांगतो आणि त्यातले निम्मे खोटं बोलतात. कोणाला आधी पलीकडे न्यायचं ते आपण ठरवायचं. फोनवरही चालायचा, कॉम्प्युटरवरही. चित्रं तिची, गोष्ट तिची. बाकीचं सगळं तिचा भागीदार बघायचा. तो तिचा कॉलेजचा सोबती, आता तिकडे, म्हणजे जिथे पगारही मोठे आणि भाडीही मोठी अशा देशात राहणारा.

दोघांचं पहिलं भांडण झालं ते किमतीवरून. गेम त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर विकायचा होता. पैसे भरले की एक कोड मिळणार, तो टाकला की गेम उघडणार. भागीदार म्हणाला, सगळीकडे एकच भाव ठेवू. ती म्हणाली, शक्य नाही.

तिचे वडील बस डेपोत मेकॅनिक होते. ती लहान असताना दुकानात खऱ्या गेमची डबी दिसायची, पण तिच्यावरची किंमत वाचून वडील नुसते हसायचे. त्यांच्या पगाराचा मोठा लचका गेला असता. मग अख्खी गल्ली कॉपी केलेल्या डिस्कवर खेळायची. चोरीची हौस कोणालाच नव्हती, विकत घ्यायची सोयच नव्हती. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की आपल्या गेमचा भाव इथल्या माणसाला झेपेल असाच ठेवायचा.

"देश बघून भाव लावला म्हणजे खिसा बघून लावला असं होत नाही," भागीदार फोनवर म्हणाला. "तुझ्या इमारतीखाली ज्याच्या दोन गाड्या उभ्या असतात, तोही स्वस्तात घेणार."

"घेऊ दे की. त्याच्यापायी बाकीच्यांनी का बघत बसायचं?"

"आणि कोड? तुमच्याकडचा कोड इकडे उघडायला नको. कुलूप लावू या."

"नाही. इथल्या किती घरांतलं कोणी ना कोणी तिकडे आहे. बापाने लेकीला गेम भेट दिला आणि तिच्याकडे उघडलाच नाही, तर काय तोंड दाखवायचं?"

शेवटी तो म्हणाला, "बघ बाई. गोष्ट तुझी आहे म्हणून ऐकतो."

अशा रीतीने इथला भाव तिकडच्या सहाव्या हिश्शाइतका ठरला, आणि कोड सगळ्या जगाला मोकळा राहिला.

सुरुवातीला इथली विक्री यथातथाच होती. मग हळूहळू चढू लागली आणि एका महिन्यात तर तिकडच्या विक्रीच्या पुढे गेली. तिने भागीदाराला फोन केला तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. "बघितलंस? आपल्या माणसांना परवडलं की ती विकत घेतात. चोरी करत नाहीत." तिच्या जुन्या कॉलेजने तिला बोलावलं. तिथे भरल्या सभागृहात तिने हेच सांगितलं, जरा जास्तच ठासून. तिला शिकवलेल्या बाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. बाईंनी स्वतः गेम विकत घेऊन तिकडच्या मुलीला पाठवला होता. तेही तिने सभेत सांगून टाकलं.

त्या संध्याकाळी ती केक घेऊन घरी आली. घर तीन खोल्यांचं. एकीत ती आणि नवरा, एकीत सासूबाई, आणि बाहेरच्या खोलीत धाकटा दीर, ज्याला घरात सगळे धाकटा म्हणायचे. त्याचं बाजारात फोन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, गाळ्याचा अर्धा भाग. पण अलीकडे हात मोकळा झालेला दिसत होता. सासूबाईंना त्याने कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं, चांगल्यापैकी, दोन्ही कानांचं.

केक कापून झाला. नवऱ्याने दुसरा तुकडा घेतला. तो दवाखान्यात क्ष-किरणाचे फोटो काढायचा आणि घरी फारसा बोलायचा नाही. धाकट्याने मात्र बोटं चाटत, मजेत विचारलं, "वहिनी, पार्टी माझ्या नावाने आहे की तुमच्या?"

"तुमच्या नावाने का म्हणून?"

"का म्हणून म्हणजे? इथला एवढा माल उचलला कोणी? मीच की."

तिला वाटलं चेष्टा करतोय. त्याला चेष्टा करायची खोड होती. पण तो खुर्ची पुढे ओढून समजावून सांगू लागला, एखादी नामी युक्ती सांगावी तसा. मित्रांच्या कार्डांवर, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नावांवर तो इथल्या भावाने कोड घ्यायचा. मग परदेशी वेबसाइटवर ते तिकडच्या लोकांना निम्म्या किमतीला विकायचा. गिऱ्हाईक खूश, तो खूश.

"आणि तुम्हीही खूश," तो म्हणाला. "आकडा वाढला ना?"

"सगळे तुम्ही घेतलेत?"

"सगळे कसे? दहातले नऊ धरा. वहिनी, इथे कोण विकत घेतं गेम? फुकट उतरवून घेतात लोक."

तिने हातातली सुरी बशीत ठेवली. कॉलेजचं सभागृह तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि कानांच्या पाळ्या तापल्या. ज्या माणसांच्या जिवावर ती दुपारभर मिरवली, ती माणसं नव्हतीच. होता तो फक्त हा, केकचा चुरा मिशीला लावून बसलेला.

"हे बंद करा," ती म्हणाली.

"का?"

"कारण तो भाव तुमच्यासाठी नव्हता."

"मी इथला नाही?" धाकटा अजून हसत होता. "किंमत तुम्ही लावलीत, मी पूर्ण भरली. एक कोड चोरलेला नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा केककडे बघत होता. सासूबाई म्हणाल्या, "घरातल्या घरात कसला हिशोब गं? त्याचं चाललंय तर चालू दे." कानात नवी यंत्रं होती, त्यामुळे त्यांना एकूण एक शब्द ऐकू आला होता.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी त्याच्या दुकानात गेली. घरात बोललं की सासूबाई मध्ये पडणार, म्हणून. गाळ्यात तो भिंग डोळ्याला लावून एका फोनच्या पोटात काहीतरी डकवत होता. डांबरासारखा वास सुटला होता. काउंटरवर उघडे फोन ओळीने पालथे पडलेले.

"भाऊजी, शेवटचं सांगते. तिकडच्या गिऱ्हाइकाने तिकडचा भाव द्यायचा, म्हणून इथला कमी ठेवता येतो. तुम्ही मधून खाता. उद्या भागीदार इथला भाव काढून टाकेल आणि खरोखर ज्याला परवडत नाही त्याच्या हातून गेम जाईल."

"कोण तो? मला दाखवा एकदा." त्याने भिंग काढलं. "मी तुम्हाला एक दाखवतो." त्याने स्वतःचा फोन तिच्यापुढे सरकवला. त्यावर तिकडच्या एका बाईचा निरोप होता. ती हॉटेलात फरशा पुसायची. तिने लिहिलं होतं की पाळीच्या मधल्या सुट्टीत ती 'उतारू' खेळते, पूर्ण भावाने कधीच घेतला नसता, अर्ध्यात मिळाला म्हणून आभार.

"तिकडे राहते म्हणजे तिकडचा पगार मिळतो तिला? तुमच्या त्या भागीदाराएवढा? आणि आपल्या इमारतीतला तो दोन गाड्यांवाला, त्याला तुम्ही सहाव्या हिश्शात द्यायला बसलाय. तुमचा हिशोब नकाशा बघतो, वहिनी. मी माणूस बघतो."

हेच जवळजवळ भागीदारही बोलला होता, पण त्याचं बोलणं तिने सोसलं होतं. या अर्ध्या गाळ्यात, या माणसाच्या तोंडून, ते सोसवेना. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माणूस बघता? तिच्याकडून पैसे घेताना तर बघत नाही. मी चार वर्षं डोळे फोडून गेम काढला, तुम्ही नुसता इकडचा तिकडे केलात. दलाल आहात तुम्ही. स्वतःचं असं एक तरी केलंय का आयुष्यात?"

शेजारच्या गाळ्यातला टेप-रेडिओ दुरुस्त करणारा हातातलं काम थांबवून ऐकू लागला. धाकट्याच्या चेहऱ्यावरची मजा गेली. त्याने फोन आपल्याकडे ओढून घेतला.

"निघ इथून," तो म्हणाला. आजवर त्याने तिला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "आईचे कान दलालीच्या पैशांचे आहेत. ते काढून घेऊन जातेस? आणि तुझ्या घराचं अर्धं भाडं कोण भरतो ते दादाला विचार."

ती निघाली ती तरातरा. घरी येऊन तिने भागीदाराला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही, हे तिला जास्त लागलं. "मला संशय होताच," तो म्हणाला. "तुमच्याकडे विकले गेलेले कोड बहुतेक इकडेच उघडतायत. सोपा उपाय आहे. आजपासून नव्या कोडला कुलूप. जे विकले गेले ते गेले."

"नाही. जे इथे घेतले आणि तिकडे उघडले, ते सगळे रद्द कर."

"सगळे? खेळतायत ती माणसं. त्यांनी पैसे भरलेत."

"आपल्याला नाही भरले. त्याला भरले. त्याच्याकडून घेतील परत."

"आणि ज्यांना कोणी खरंच भेट दिला असेल ते? ते कसे वेगळे काढणार?"

"थोडेच असतील. बघू नंतर."

तो म्हणाला, "हे तू गेमसाठी करत नाहीयेस." तिने फोन ठेवला आणि आपल्या हाताने, आपल्या पासवर्डने, रद्द करण्याचं बटण दाबलं.

त्याचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. तिकडच्या हजारो लोकांच्या फोनवर होडी मध्यातच बंद पडली आणि 'हा कोड अवैध आहे' एवढी ओळ उरली. लोकांनी धाकट्याकडे पैसे मागितले. परदेशी वेबसाइटने त्याचं खातं गोठवलं आणि जे त्याने आधीच काढून घेतलं होतं तेही परत मागितलं. तो दुकानातून येऊन कोणाशी न बोलता भिंतीकडे तोंड करून पडायचा. आठवड्याभरात त्याने भिंग, सोल्डरिंगचं मशीन, सगळं गहाण टाकलं.

लोक तिलाही सोडत नव्हते. 'उतारू'च्या पानावर शिव्यांचा चिखल झाला. कोणी चोर म्हणालं, कोणी भिकारी देशातली भिकारी म्हणालं. त्यांना तिने उत्तर दिलं नाही. पण हॉटेलात फरशा पुसणाऱ्या त्या बाईने, गेम बंद पडला म्हणून, तिलाच निरोप पाठवला, तेव्हा तिच्याने राहवलं नाही. तिने नवा कोड पाठवला आणि सोबत चार ओळींची माफी. बाईचं उत्तर आलं: 'गेम परत नको. ज्या दिवशी बंद पडला त्याच दिवशी मी तो काढून टाकला. पैसे परत आले असते तर बरं झालं असतं.'

मग कॉलेजच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीचाही कोड गेला होता.

"मी तुझ्याच वेबसाइटवर घेतला होता, माझ्या कार्डाने," बाई म्हणाल्या. "मुलगी विचारते, आई, तू मला चोरीचा माल पाठवलास का? तिला काय सांगू?"

"बाई, चुकून झालं. लगेच दुसरा पाठवते."

"चुकून कसं? कोणीतरी बसून ठरवलं असेल ना."

"हो," ती म्हणाली. "मी ठरवलं."

बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

धाकट्याचे कोड वजा केल्यावर इथली खरी विक्री उघडी पडली. ती एवढीशी होती की भागीदाराने इथला भाव काढून तिकडच्याइतकाच केला. तिला न विचारता केला. ती भांडली, पण भांडायला हातात काही उरलं नव्हतं. इथले जे मूठभर खरे खेळणारे होते, त्यांतल्या एकाने लिहिलं, 'मित्रांना सांगत होतो, एक तरी कंपनी आपली आहे. तुम्हीही तशाच निघालात.' ते तिने दोनदा वाचलं आणि पुसून टाकलं.

घरात तर बोलणंच संपलं होतं. एका सकाळी धाकटा पिशव्या भरू लागला, दुकानाजवळ पोटमाळ्याची खोली मिळाली म्हणाला. सासूबाईंनी आपली ट्रंक बाहेर ओढली.

"आई, तू कुठे?" नवरा म्हणाला.

"त्याच्याबरोबर. त्याला दोन वेळा कोण करून घालणार?"

"पोटमाळ्यावर तुला जिना चढवणार आहे का?"

"इथे तरी कुठे मला डोक्यावर चढवून बसवलंय." त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या, "परक्याने केलं असतं तर पोलिसात गेले असते. घरातल्या माणसाने केलं तर कुठे जायचं?"

"मी त्याला आधी सांगितलं होतं, आई. दोनदा."

"सांगितलंस. आणि बाजारात चारचौघांत त्याचा पाणउतारा केलास, तेही सांगणंच का?"

नवऱ्याने ट्रंक उचलून खाली नेली. वर आला तो तडक अंघोळीला गेला. त्यानंतर तो दर सुट्टीला आईकडे जायचा. तिला चल म्हणायचा नाही, आणि तीही विचारायची नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला भागीदार थोडा नमला. इथला भाव तिकडच्या तिसऱ्या हिश्शावर आणला, कोडला कुलूप घातलं, आणि एवढ्यावर हा वाद बंद असं सांगितलं. पुढचा गेम दोघांनी एकत्र करायचा की नाही, हा विषय दोघांनीही काढला नाही.

त्याच सुमारास पोटमाळ्याच्या जिन्यावर सासूबाईंचा पाय घसरला आणि खुबा मोडला. तिला दवाखान्यात जावंच लागलं. भेटीच्या वेळेत एकालाच आत सोडत होते, म्हणून नवरा आत होता. बाहेर बाकावर धाकटा बसलेला. ती पलीकडच्या टोकाला टेकली.

"आता भाव किती ठेवलाय?" त्याने विचारलं.

"तिकडच्या भावाचा तिसरा हिस्सा."

"महाग आहे. कोणी घेणार नाही."

"तुम्हाला काय करायचंय त्याचं?"

"मला काहीच नाही. लोक येतात दुकानात, हा गेम फोनमध्ये टाकून द्या म्हणतात. उतरवून ठेवलाय मी. टाकून देतो."

तिला आधी नीट कळलंच नाही. "कोणता गेम?"

"तुझाच. कुलूप तोडलेला मिळतो, शोधला की." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "पैसे घेत नाही मी. मागे तू दलाल म्हणालीस ना. आता कोणी म्हणू शकत नाही."

"किती जणांना दिलात?"

"मोजत नाही. जो मागेल त्याला. फोन दुरुस्तीला आला की न मागताही."

"खेळतात?"

"खेळतात की. दुकानाबाहेर कठड्यावर बसून खेळतात. म्हातारीला आधी न्यायचं की डॉक्टरला, यावरून भांडतात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला इथे हेच बघायचं होतं, आणि ते याने तिच्यावर सूड म्हणून केलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसत होतं. तो वाट बघत होता, आता ही काय करते याची.

नवरा बाहेर आला. आईला झोप लागलीय म्हणाला. दोघांच्या तोंडांकडे बघून त्याने विचारलं, "काय झालं?"

"तुझी बायको सांगेल," धाकटा म्हणाला आणि आत गेला.

घरी जाताना रिक्षात तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सोड आता. आई अंथरुणाला खिळलीय. एवढं माझ्यासाठी कर."

"आणि तो रोज वाटत राहील."

"वाटू दे. तुझं काय जातं? तसंही विकत कोण घेतंय."

नवऱ्याला ते लागट बोलायचं नव्हतं, थकून बोलला होता. पण तिला ते लागलंच. आठवड्याभराने, सासूबाईंना दवाखान्यातून पोटमाळ्यावर नेल्यावर, ती पोलीस ठाण्यात गेली आणि धाकट्याच्या दुकानाविरुद्ध तक्रार दिली. ठाण्यातल्या माणसाने आरोपी तुमचा कोण लागतो असं विचारलं. तिने दीर म्हणून सांगितलं. त्याने मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

दुकानाला सील लागलं त्या दिवशी नवरा कामावरून परस्पर पोटमाळ्यावर गेला, आणि कपडे न्यायला तो परत आला तेव्हा ती कॉम्प्युटरपुढे बसलेली होती. तिने मागे वळून बघितलं नाही. त्यानेही हाक मारली नाही.